धारोष्ण दुधाचा कप

त्यांचं खरं आडनाव शिधापत्रिकेवर असेल. गल्लीत त्यांना सगळे हातगुणे म्हणत. अडलेली गाय सोडवावी तर यांच्याच हाताने, असा लौकिक होता, आणि तो त्यांनी स्वतःच पसरवला होता. घरामागे लांबट पत्र्याचा गोठा, पाच-सहा गाई, दाराशी दूध घ्यायला येणाऱ्यांसाठी एक बाक. बाकावर बसून लोक दुधाची वाट बघत आणि हातगुण्यांचं व्याख्यान ऐकत. दुधाला पैसे पडत. व्याख्यान फुकट होतं आणि त्याची किंमतही तेवढीच होती.

व्याख्यानाचा विषय एकच. दूध उकळणारा माणूस हा मुळात भित्रा. वासरू कधी दूध उकळून पितं का? वासराला चूल पेटवता येत नाही, हा मुद्दा बाकावरच्या कुणाला सुचत नसे. निवृत्त प्राचार्य तर मान डोलावत. त्यांनी आयुष्यभर मुलांना जंतू शिकवले होते, पण ते परीक्षेपुरते. निवृत्तीनंतर त्यांना निसर्ग सापडला होता आणि निसर्ग म्हणजे हातगुण्यांच्या गोठ्यातला फेसाळ पेला, अशी त्यांची खात्री पटली होती.

"माझ्या घरातली माणसं बघा," हातगुणे शेवटी म्हणत. "कुणाला साधी शिंक तरी आहे का?"

नव्हती, हे खरं होतं. बायको काटक, मुलगा बसवर कंडक्टर आणि धडधाकट, सून तरतरीत. पुरावा असा चालता-बोलता असल्यावर शास्त्राला विचारतो कोण?

जनावरांचे डॉक्टर वर्षातून एक-दोनदा येत. कालवडींना लहानपणीच गाभडण्याच्या, म्हणजे गर्भ पडण्याच्या, रोगाची लस टोचून घ्या, नवं जनावर तपासल्याशिवाय कळपात बांधू नका, व्यायल्यावर अडकलेली वार काढताना हातमोजे घाला, असं सांगत. हा सगळा पालथ्या घड्यावर पाण्याचा कार्यक्रम होता.

"हातमोजे?" हातगुणे हसत. "डॉक्टर, रबर घालून बायकोचा हात धरता का तुम्ही?"

डॉक्टरांनी पुढे पुढे फक्त औषधाची बाटली ठेवून जायला सुरुवात केली.

मग हातगुण्यांनी बाजारातून एक गाभण तांबडी गाय आणली. स्वस्तात मिळाली, म्हणून दिवसभर मिशीला पीळ देत होते. इतकी देखणी गाय मालक इतक्या स्वस्तात का काढतोय, हा प्रश्न त्यांनी मालकाला विचारला नाही. विचारला असता तर ती आधीच्या घरी गाभडली होती, हे कदाचित कळलं असतं. पण प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला न विचारता कळत नाही अशी कबुली देणं, आणि तसली कबुली त्यांच्या घराण्यात कुणी दिली नव्हती.

त्याच सुमारास घरात गोड बातमी होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर सुनेला दिवस राहिले होते. दोनदा आशा लागून ती मोडली होती, त्यामुळे घरात या वेळी कुणी मोठ्याने आनंदही करत नव्हतं. काकू, म्हणजे हातगुण्यांची बायको, सुनेला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नसे. हातगुण्यांनी मात्र जाहीर केलं की या मुलाची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली आहे. रोज सकाळी पहिली धार काढून स्टीलचा कप भरायचा, फेस मोडायच्या आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि हाक मारायची.

"सूनबाई! धारोष्ण आहे. गार होऊ देऊ नकोस."

उंबऱ्याच्या आत ते जात नसत. पुरुषमाणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकणं त्यांना कमीपणाचं वाटे. काकू कप घेई, "साखर घालून देते" म्हणे आणि आत जाई. थोड्या वेळाने रिकामा कप बाहेर येई. हातगुणे त्याच्या तळात डोकावून बघत आणि गोठ्याकडे वळत. उंबऱ्यापलीकडे काय होतं याची चौकशी त्यांनी संसारात एकदाही केली नव्हती. त्यांच्या अज्ञानाचा घराला इतका उपयोग कधी झाला नसेल.

तांबडी गाय आठव्या महिन्यात गाभडली. मेलेलं वासरू अर्धवट अडकलेलं, वार सुटत नव्हती. हातगुण्यांनी बाही सरकवली. आदल्या दिवशी विळ्याने बोट कापलं होतं, त्यावर चिंधी होती. ती दाताने सोडून फेकली आणि खांद्यापर्यंत हात घातला. तोंडावर शिंतोडे उडाले ते दंडाला पुसले. सगळं निघाल्यावर बाकावरच्या मंडळींनी वाहवा केली. प्राचार्य म्हणाले, "याला म्हणतात अनुभव!" वासरू आणि वार कुंपणाबाहेर टाकली, कुत्र्यांनी ती ओढत नेली. हातगुण्यांनी बादलीत हात बुडवले, धोतराला पुसले आणि तिच्या शेजारी बांधलेली गाय पिळायला बसले.

काकू तेव्हा आजारी बहिणीकडे गेली होती. आठवडाभर नव्हती.

महिन्याभराने हातगुण्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढे, पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरे. कंबर धरली, गुडघे सुजले. आणखी एका ठिकाणी सूज आली होती. ती मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही, फक्त सायकलवर बसणं सोडलं. दृष्ट लागली म्हणाले, हवा बदलली म्हणाले, नंतर सगळा दोष काकूच्या चहावर ठेवला. गल्लीतल्या दवाखान्याने मलेरियाच्या गोळ्या दिल्या, टायफॉइडच्या दिल्या. ताप येतच राहिला. शेवटी मुलगा त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. सुनेचीही तपासणी होती, म्हणून सगळंच घर निघालं.

डॉक्टरीण तरुण होती. हातगुण्यांना तिथेच अर्धा राग आला. उरलेला तिने विचारलेल्या प्रश्नांनी आला.

"घरात जनावरं आहेत? एखादी गाय गाभडली? दूध कच्चं पिता का?"

"कच्चं नाही, धारोष्ण," हातगुणे म्हणाले. "त्यात फरक असतो."

"जंतूंना नसतो," ती म्हणाली आणि रक्त काढायला पाठवलं.

अहवाल आला. ब्रुसेलोसिस, म्हणजे तोच गाभडण्याचा रोग. जनावरापासून येतो: न उकळलेल्या दुधातून, त्या दुधाच्या लोण्यातून, विताना-गाभडताना उघड्या हाताने केलेल्या कामातून, कापलेल्या बोटातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून. हातगुण्यांनी एकही वाट सोडली नव्हती.

"घरात हे दूध आणखी कोण पितं?"

"सगळे!" हातगुण्यांची मान वर झाली. "आणि बघा, ठणठणीत आहेत सगळे. ही सून तर रोज पिते. पाचवा महिना आहे."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. गर्भारपणात हा रोग झाला तर मूल जाऊ शकतं, हे तिने शांतपणे सांगितलं. मुलगा खुर्चीवरून उठला आणि उठून काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला.

"ती पीत नाही," काकू म्हणाली.

"काय?"

"कुणीच पीत नाही. मी या घरात आल्यापासून प्रत्येक थेंब उकळते. तुम्ही गोठ्यात पिता तेवढंच काय ते तुमचं धारोष्ण. हिचा कप मी आत नेऊन पातेल्यात ओतायची आणि उकळलेलं द्यायची."

"मला फसवलंस? इतकी वर्षं?"

"हो. पुढे बोला."

पुढे बोलली ती सून, जमिनीकडे बघत. "आई, तुम्ही मावशींकडे गेला होतात ना, तेव्हा... बाबा म्हणाले साखरबिखर नको, माझ्यासमोर पी. उंबऱ्यातच उभे होते. मी तीन-चार दिवस प्यायले."

काकूने तिचा हात धरला. हातगुण्यांकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं, असं हातगुण्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

सुनेचं रक्त घेतलं. अहवाल निर्दोष आला, पण डॉक्टरीण म्हणाली की रोग उशिराही दिसतो, काही आठवड्यांनी पुन्हा बघू. हातगुण्यांना दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, दीड महिन्याच्या, आणि त्या कशा घ्यायच्या तेही नीट सांगितलं. हातगुणे तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

ते आठवडे घराने श्वास धरून काढले. जनावरांचे डॉक्टर आले, गाईंचं रक्त नेलं. तांबडी आणि तिच्या शेजारची दोषी निघाल्या. त्या लांब बांधल्या, त्यांचं दूध बंद झालं. बाकावरच्या मंडळींना तपासून घ्या असा निरोप गेला. प्राचार्यांनी तपासून घेतलं नाही. पुलापलीकडच्या एका गोठ्यात 'अगदी शुद्ध' दूध मिळतं, असं ऐकून ते तिकडे जाऊ लागले. घरात सून बोलेनाशी झाली. पोटावर हात ठेवून बसायची आणि जराशी कळ आली तरी काकूकडे बघायची. हातगुणे ओसरीवर पडून असत. माझ्याशी कुणी बोलत नाही, अशी तक्रार मुलाकडे करत. मुलगाही बोलत नसे.

दुसरा अहवाल घ्यायला पुन्हा सगळे गेले. डॉक्टरिणीने कागद वाचला, उलटून पुन्हा वाचला.

"काही नाही. बाळही छान वाढतंय. आता काळजी सोडा."

काकू भिंतीला टेकली. मुलाने डोळे पुसले आणि पंखा फार जोरात आहे, असं काहीतरी पुटपुटला. डॉक्टरीण हातगुण्यांकडे वळली. "तुमचा ताप गेला?"

"कुठे गेला? कमी झाला, पुन्हा येतो. तुमच्या गोळ्यांत दम नाही."

"रोज घेता?"

"एक दिवस चुकवली नाही."

"कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर," हातगुणे म्हणाले. "पेलाभर. चांगल्या गाईचं, आणि उकळून," आणि हा त्याग सगळ्यांच्या लक्षात यावा म्हणून क्षणभर थांबले.

"अहो, या गोळ्या दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना! दुधाने औषध अंगाला लागत नाही. पाण्याबरोबर घ्या. नुसत्या पाण्याबरोबर."

मग सुनेच्या तोंडातून एक आवाज फुटला. आधी काकूला ती रडतेय असं वाटलं. ती हसत होती. दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, इतक्या आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर पडावं तशी हसत होती. काकूलाही तिला आवरता येईना, कारण काकूलाच हसू येत होतं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" हातगुण्यांनी विचारलं.