टॉवरातला भाऊ

सदर इसम विवेक, वय चाळिशीच्या आत, एका खासगी शाळेत कनिष्ठ लिपिक, राहणार पालम तालुक्यातल्या एका गावी. वर्ण गव्हाळ, स्वभाव गरम. ओळखीची खूण : सुपरहिरोचा विषय निघाला की कानाच्या पाळ्या लाल होतात. चित्रपटविषयक बाबींत सदर इसमाचे मत अंतिम समजण्याचा गावात प्रघात आहे.

प्रघात त्याचा त्यानेच पाडला होता. एकच माणूस तो पाळत नव्हता, आणि तो नेमका बायकोचा, योगिनीचा, भाऊ आदिनाथ.

कॉलेजात असताना विवेकने पालमच्या टॉकीजमध्ये हिंदीत डब केलेला एक सुपरहिरोचा पिक्चर पाहिला होता. शेवटी टॉवर पेटतो, आत हिरोचा सख्खा भाऊ अडकतो आणि हिरो पाठीवरची झूल पसरून आभाळात निघून जातो. खेळ खलास. लग्नानंतर एका पंगतीत तो विषय निघाला.

"कशाचा हिरो?" विवेक म्हणाला. "भाऊ जळायलाय अन् हा उडायलाय!"

आदिनाथने तोच पिक्चर परभणीत पाहिला होता. "दाजी, तो माघारी येतो की. भावाला खांद्यावर टाकून बाहेर काढतो. तुमी झोपले असाल."

चारचौघांत झोपाळू ठरलेला विवेक भरल्या ताटावरून उठला. "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई!"

आदिनाथही त्याच मातीचा. त्याने ठेवला नाही. तेव्हापासून भाऊबीजेला योगिनी ओवाळायचं ताट चंद्रापुढे धरू लागली, भाऊ नसलेल्या बायका धरतात तसं. तिचा भाऊ परभणीत होता, धडधाकट, मोटरसायकलसकट.

यंदा त्या पिक्चरची दिग्दर्शकाने स्वतः नव्याने कापून-जोडलेली लांबलचक आवृत्ती आली. योगिनीने दोघांनाही एकाच भाषेत बजावलं, "भाऊबीजेला एकत्र बसून बघा. चुकेल त्यानं माफी मागायची. मी आता चंद्राला ओवाळणार न्हाई."

दुपारी बैठक भरली. शेजारचे बापूही आले. पालमच्या टॉकीजवर त्यांनी हयातभर पिक्चर दाखवायचं मशीन चालवलं होतं, त्यामुळे पंच म्हणून त्यांना खुर्ची मिळाली.

टॉवर पेटला. हिरो उडाला. विवेकने मांडीवर थाप मारली. तेवढ्यात हिरो ढगातून वळला आणि खिडकी फोडून आत शिरायला लागला.

"थांबव!" विवेक ओरडला. आदिनाथने टीव्ही थांबवला. "हे मागून जोडलंय! थेटरात नव्हतं. म्हणून तर नवीन आवृत्ती काढली!"

आदिनाथने मोबाइलवर जुना, थेटरातला पिक्चर काढून पुढे धरला. त्यातही हिरो वळत होता, फक्त जरा घाईने.

पाळ्या लाल झाल्या. "मग मी काय आंधळा होतो?"

"आंधळा न्हाई रे," बापू खाकरले. "पालमला ते कुणीच बघितलं न्हाई. तुमच्या गावची शेवटची एसटी सुटायची. हिरो उडाला की मी मशीन बंद करून थेटरातली बत्ती लावायचो."

"कुणाच्या हुकमानं?" विवेक कडाडला. "कुठल्या गाढवानं सांगितलं हुतं?"

बापूंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "एसटीच्या पासवाली कॉलेजची पोरं घेऊन टॉकीजच्या मालकाच्या अंगावर कोण गेलतं? गाडी चुकली तर खुर्च्या फाडतो म्हणून?"

आदिनाथला हसू फुटलं. विवेक त्याच्यावर धावला, मग बापूंवर भडकला, मग एसटीवर, मग त्या परदेशी दिग्दर्शकावर. योगिनीने हातातलं तबक खणकन खाली ठेवलं.

"बास! एका पिक्चरपायी माझ्या भावाला दार बंद केलंत. तुमचा हिरो निदान वळला तरी. तुमी?"

विवेक तणतणत आत गेला. पाट घेऊन आला आणि आदिनाथच्या पुढ्यात दाणकन आपटला.

"बस," तो खेकसला. "माफी समज."

"दाजी, पाट फुटंल."

"फुटू दे!"

आदिनाथ बसला. योगिनीचा राग उतरला नव्हता, कुंकवाचा टिळा तिने जरा जोरातच लावला. विवेक ओट्यावर जाऊन रस्त्याकडे डोळे वटारून बसला. "उरलेला बघा की," असं आदिनाथ दोनदा म्हणाला. विवेक हलला नाही.

सबब, चित्रपटविषयक बाबींत सदर इसमाचे मत यापुढेही अंतिम समजण्यात यावे. पिक्चरचा शेवट त्याने अजून पाहिलेला नाही.