बसस्टॉपवरची राजघराणी

परदेशातल्या आमच्या ब्लँचर्डस्टाउनच्या बसस्टॉपवर रोज एक चिनी आजोबा भेटतात. तळहातावर बोटाने आपलं आडनाव गिरवून ते मोडक्या इंग्रजीत सांगतात, "हे सम्राटांचं." त्या आडनावाचे सेनापती, कवी, झालंच तर टीव्हीवर बातम्या देणारी बाईसुद्धा त्यांच्या घरातलीच! मला हे चांगलंच ओळखीचं, कारण आम्ही जाधव. आमचे अप्पा देवगिरीच्या यादवांबद्दल सख्खे चुलते असल्यासारखं बोलतात.

परवा साताऱ्याहून आलेल्या अप्पांची मी या आजोबांशी गाठ घालून दिली. अप्पांनीही ऐटीत तळहातावर 'जाधव' गिरवलं. "हेही राजांचं," मी म्हणाले. तेवढ्यात बस आली. "आधी आपण," असं एकमेकांना खुणावत दोन्ही राजघराणी फुटपाथवरच अडली आणि बस निघून गेली. मी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र खदखदून हसत म्हणाले,

"अख्खं साम्राज्य गेलं, तिथे एका बसचं काय!"