गुडघेदुखी ग्रुप, शिवाजीनगर

ज्या दुखण्याबद्दल कुठेच बोलता येत नाही, त्याचे किस्से सगळ्यात जास्त साठतात. आमच्या ग्रुपकडे तर इतके साठलेत की शनिवारचा पहिला अर्धा तास त्यातच जातो! कामाचं बोलणं चहानंतर.

आधी दुखणं सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही मोकळे आणि मीही. पेरोनीज डिसीज. लिंगाच्या आत एक कडक गाठ धरते आणि ते वाकतं, दुखतं. आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येकाला पहिल्या दिवशी तेच सांगतात, "कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही, आणि तुमची काही चूक नाही." हे ऐकायला मॅडमपर्यंत पोचावं लागतं, तिथेच तर घोडं पेंड खातं.

*

मी सातारचा, गेली बारा वर्षं बंगलोरला सर्जापूर रोडला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. सहा महिने कळ काढून शेवटी हॉस्पिटलला गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं खणखणीत आवाजात विचारलं, "प्रॉब्लेम एनु सार?" मागे रांगेत कोण? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी!

तोंडातून निघालं, "गुडघा."

तिनं हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे बाकावर शेजारी शिंदे अण्णा बसले होते. साठीचे, कपाळाला गंध, घराणं साडेतीनशे वर्षं बंगलोरात. आम्ही तासभर गुडघ्यांवर बोललो. माझा एक्स-रेसुद्धा निघाला. डॉक्टर म्हणाले, "थोडा झिजलाय खरा." म्हणजे खोटं बोलायला गेलो आणि तेही खरं निघालं!

पुढच्या आठवड्यात हिंमत करून युरोलॉजीला गेलो, तर बाकावर पुन्हा अण्णा! दोघेही भिंतीकडे बघत बसलो. मग अण्णाच हळूच म्हणाले, "काय हो, तुमचा पण गुडघा इकडंच दाखवायचा असतो का?"

इतके हसलो की नर्सनं दोनदा गप्प केलं. सहा महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो होतो.

*

ग्रुपचं नाव तिथेच ठरलं. घरी, फोनवर, सगळीकडे 'गुडघेदुखी ग्रुप'. जागा दिली मॅडमच्याच आणखी एका पेशंटनं, जाधवांनी. त्यांचं इथल्या शिवाजीनगरात सीट कव्हर शिवायचं वर्कशॉप आहे. शनिवारी सकाळी कारागीर यायच्या आत आम्ही वरच्या माळ्यावर जमतो.

हे जाधव म्हणजे अस्सल कारागीर. मॅडमनी सांगितलं, वाक किती आहे ते कळायला घरी एक फोटो काढून आणा. सगळ्यांनाच सांगतात. जाधव म्हणाले, "फोटोबिटो आपल्याला जमणार नाही." पुढच्या खेपेला पिशवीतून खाकी कागद काढून टेबलावर ठेवला. कात्रीनं कापलेला नमुना! खडूच्या खुणा, मधली रेघ, वर लिहिलेलं 'उजवी बाजू'.

मॅडमनी कोनमापक लावला, आकडा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "इतकं नीट माप मला आजवर कुणी दिलं नाही."

"शिलाईसाठी अर्धा इंच सोडलाय," जाधव म्हणाले, "तो धरू नका."

*

चौथा निखिल, वय चौतीस, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. त्याला मॅडमनी ताण देऊन सरळ करण्याचं यंत्र लिहून दिलं, रोज काही तास लावायचं. पार्सल आलं नेमकं तो ऑफिसात असताना. संध्याकाळी गेटवर वॉचमनकाका खोकं हलवून बघतायत. "इदेनु सार?"

निखिलनं पाठ केलेलं उत्तर दिलं, "गुडघ्याचा पट्टा."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पँट वर करून आपला सुजलेला गुडघा दाखवला. "सार, स्वल्प कोडी! ट्राय माड्तीनि!" म्हणजे, जरा द्या, लावून बघतो!

दुसऱ्या दिवशी निखिलनं खरा गुडघ्याचा पट्टा विकत आणून काकांना दिला. आता काका त्याला सॅल्यूट ठोकतात. आमच्या ग्रुपनं बरा केलेला पहिला पेशंट म्हणजे हे काका!

*

या निखिलनं एका शनिवारी सांगितलं, की बायकोपासून मुद्दाम लांब राहतो, उशिरा घरी जातो. सांगता सांगता रडला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तिला सांग. ती काय वाटून घेत असेल, याचा विचार कर." निखिलनं सांगितलं. मीही त्याच आठवड्यात घरी सांगितलं. माझी बायको म्हणाली, "मला वाटत होतं, मीच तुला नकोशी झालेय." त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सगळ्यांना बोलतं केलं अण्णांनी. आणि स्वतः? वर्षभर हॉलमध्ये गादी टाकून झोपत होते. बायकोला, सुमित्राअक्कांना, कारण काय, तर गुडघा! घरात पाऊल ठेवलं की लंगडायचे. "तुम्ही कधी सांगणार?" विचारलं की म्हणायचे, "सांगू, सांगू. छत्तीस वर्षांचा संसार, आता तोंड कसं उघडू?"

*

मागच्या शनिवारी जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी, मध्ये थांबत. कारागीर असेल म्हणून आम्ही गप्प झालो. वर आल्या सुमित्राअक्का! हातात इडल्यांचा डबा, कपाळावर घाम.

"गुडघ्यांचा ग्रुप इथंच ना?" त्या स्टुलावर टेकल्या. "हे शनिवारी घरी येतात ते हसत येतात. बाकी सहा दिवस हसत नाहीत. म्हटलं, मलाही घ्या ग्रुपमध्ये. माझेही गुडघे गेले. तीन मजले, लिफ्ट नाही. यांना जमत नाही म्हणून वर्षभर पाण्याचा कॅन मीच चढवतेय."

निखिल घाबरून म्हणाला, "अक्का, पाय सरळ करा, दहापर्यंत मोजा..." अक्कांनी पाय सरळ केला आणि खरंच मोजायला लागल्या. "एक, दोन..."

"सुमे, थांब," अण्णा म्हणाले. "गुडघ्याचं नाहीये ते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. आमच्यासमोर, न थांबता. आम्ही तिघे रेक्झिनच्या गुंडाळ्यांकडे बघत उभे.

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. डबा उघडून आधी अण्णांच्या हातात इडली दिली.

"म्हणजे गुडघे धड आहेत?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"सरी, बरं. खाऊन घ्या. घराखालच्या दुकानात कॅन सांगून आलेय, तो वर न्या. आणि मग हॉलमधली गादी आत आणा."