बाद केलेले आयन

एकोणीस वर्षं ती आकडे चाळत होती, म्हणून संशोधन केंद्रात सगळे तिला चाळणीबाई म्हणत. एका दूरच्या ग्रहाभोवती फिरणारं यान रोज आकडे पाठवी आणि त्यातले खराब ती बाद करी. ग्रहाची सूर्याकडे पाठ असलेली बाजू तिच्या वाट्याची. तिथे ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र शेपटासारखं लांब ताणलेलं असतं आणि त्यात विद्युतभारित कण, म्हणजे आयन, भिरभिरत असतात. त्यांची तापमानं दोन: एक चुंबकीय रेषेच्या दिशेचं, दुसरं तिला आडवं. पहिल्याच दिवशी साहेबांनी दारात उभ्या उभ्या नियम सांगितला होता, "दोन्हींत दुपटीहून जास्त फरक दिसला की उपकरण बिघडलंय समजा. बाद करा." तिनं निमूट केले. सांगकाम्याला लोक गुणी म्हणतात, त्यातलंच हे.

पण बाद केलेलं फेकून द्यायला तिचा जीव होईना. ती ते एका वहीत उतरवून ठेवी. यंदा तिच्या लक्षात आलं की रेषेच्या दिशेचं तापमान जेव्हा फार चढतं, नेमकं तेव्हाच चुंबकीय क्षेत्र मोजणारं दुसरं उपकरणही हेलकावे दाखवतं. दोन वेगळी उपकरणं दर वेळी एकाच क्षणी कशी बिघडतील? नळ जोरात सोडला की हातातून सुटलेली रबरी नळी अंगणभर फटके मारते, तशा त्या रेषा फटके मारत होत्या. बिघाड नव्हताच. एकोणीस वर्षं ती खरं तेच बाद करत आली होती.

साहेबांनी वही पाहिली आणि ठेवून घेतली. "बाई, हे मोठं काम आहे. तुमचं नाव छापून आणतो."

तिचा आनंद गगनात मावेना. थोरली जाऊ तिच्या नोकरीला 'आकड्यांची धुणीभांडी' म्हणायची. शोधपत्रिकेचा अंक आला त्या रविवारी तिनं मुद्दाम जाऊबाईंना जेवायला बोलावलं. स्वतः पान उघडलं नाही. नवऱ्यानं सगळ्यांदेखत वाचावं, एवढीच हौस होती.

नवऱ्यानं चष्मा लावला. लेखक म्हणून एकट्या साहेबांचं नाव. आयत्या पिठावर रेघोट्या ओढून माणूस मोकळा झाला होता.

"माझं खाली असेल," ती म्हणाली.

होतं. साहेब शब्दाला जागले होते. तळटीपेत तिचं पूर्ण नाव होतं, अगदी बिनचूक. नवरा तिथे थांबला.

"वाचा ना, भाऊजी," जाऊ म्हणाली.

"हा शोध एकोणीस वर्षं लांबला," त्यानं वाचलं, "कारण सदर कर्मचारी अचूक नोंदी स्वतःच्या मर्जीनं बाद करत होत्या."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेबांनीच सांगितलं होतं तसं करायला."

"लेखी आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"तोंडी."

"मग झालं," तो म्हणाला आणि अंक मिटला.

जाऊबाईंनी ताट पुढे ओढून घास घेतला. "भाजीत मीठ नाही गं," त्या म्हणाल्या. "का तेही बाद केलंस?"

सगळ्यांत आधी नवरा हसला.