अक्कांचं झाड आणि अण्णांची खुर्ची

अक्कांच्या हॉलमध्ये उजेडाची एकच जागा होती, पूर्वेच्या खिडकीजवळची, आणि तिथं झाड उभं होतं. घराचे कर्ते पुरुष, म्हणजे अण्णा, वेताची खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसत. दूर दक्षिणेत, के. आर. पुरमकडच्या एका कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते. डिसेंबरातल्या सकाळी मफलर गुंडाळून पेपर वाचणाऱ्या अण्णांची मला दया आली आणि मी शेजारधर्म म्हणून तसं बोलले. अक्का म्हणाल्या, "त्यांना पाय आहेत की गं. स्वल्प सरकून बसतील. झाडानं कुठं जायचं?"

झाड मुळात अण्णांनीच आणलेलं. बंगला आवरून विलायतेला निघालेल्या एका मडमेनं ते कुंडीसकट त्यांच्या हवाली केलं होतं. झाडाचं नाव मॉन्स्टेरा. तेव्हा म्हणे चार पानांचं गरीब रोप होतं. मी पाहिलं तेव्हा पानं सुपाएवढी होती आणि सुतळीच्या आधारानं खोड भिंतीवर चढू लागलं होतं. क्वार्टर कारखान्याचं, अण्णा निवृत्त झाले की सोडायचं. तेव्हा हे दारातून बाहेर कसं काढणार, असं सगळे विचारत. "बघू की," म्हणून अक्का पानं पुसू लागत. मलमलीचं ओलं फडकं, आणि पानाखाली तळहात. पाणी मात्र मातीत बोट खुपसून पाहिल्याशिवाय नाही. "पोट भरलेल्याला वाढू नये," असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांच्या पानात बळेबळे चौथी पोळी टाकताना हे तत्त्व त्यांना आठवत नसे.

त्यांचं माहेर निपाणीचं, त्यामुळं तंबाखूवर श्रद्धा. झाडाच्या नव्या पानांना भोकं दिसू लागली, तेव्हा अळी पडली असं ठरवून त्यांनी तंबाखूचं पाणी उकळून शिंपडायला सुरुवात केली. अळी काही सापडेना. घराला मात्र विडीच्या कारखान्याचा वास सुटला, आणि जन्मात सुपारीचं खांडही न चघळलेले अण्णा चोरून विड्या ओढतात असा बोभाटा झाला. आमच्या ह्यांनी तर एकदा त्यांच्याकडे काडेपेटी मागितली.

मग एका सकाळी अक्कांनी मला हाका मारून बोलावलं. गुंडाळी होऊन आलेलं कोवळं पान त्यांच्यासमोर उलगडत होतं, आणि भोकं त्यात आधीच होती. "पोटातनंच घेऊन आलंय की गं!" त्याच दिवशी तंबाखू बंद झाली. अण्णांची बदनामी चालू राहिली. त्यानंतर भोकं हे भाग्याचं लक्षण ठरलं. "भोकं पडली की समजायचं, पान मोठं झालं," हे अक्का परीक्षेत नापास झालेल्यांनाही ऐकवत आणि सासूशी भांडून आलेल्या सुनांनाही.

माझं पहिलं मूल गेलं तेव्हा मात्र त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. मला घरी नेलं, कुंडी ओढून बाजूला केली आणि उन्हात मला बसवलं. ओढताना एक मोठं पान मोडलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या माउलीचं ऋण माझ्यानं फिटणार नाही.

अण्णा निवृत्त झाले. बेळगावला दिराच्या घरी त्यांच्या वाट्याला माजघर आलं होतं, बिनखिडकीचं. पानाला कुणाला बोट लावू न देणाऱ्या अक्का विळी घेऊन बसल्या. तोवर दाराच्या चौकटीपर्यंत गेलेलं खोड त्यांनी मुळं धरलेल्या पेरांशी कापलं आणि घरोघर तुकडे वाटले. शेंड्याचा मला दिला. स्वतःसाठी एकही ठेवला नाही. मी म्हटलं, "अक्का, एक तरी न्या." "मला करमावं म्हणून त्याला अंधारात ठेवू?" त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून मला पाणी किती घालायचं ते पुन्हा सांगू लागल्या.

निघायच्या दिवशी अण्णांनी खुर्ची त्या रिकाम्या खिडकीपाशी आणली. थोडा वेळ बसले. मग खुर्ची उचलून परत व्हरांड्यात गेले. "आत बसवत नाही," म्हणाले.

अक्का जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. परवा शेजारची नवी सून मला म्हणाली, "काकू, काका बाहेर बसतात, त्यांना थंडी नाही का वाजत?" माझा तळहात पानाखाली होता.

"त्यांना पाय आहेत की गं," मी म्हटलं.