हापशापर्यंत चालून या

कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या साचतात. रोज झाडलं तरी साचतात. किश्श्यांचंही तसंच आहे. डोंगरकडा गावी चांद उस्तादांच्या दुकानात मी चाळीस वर्षं काज आणि तुरपाई करतो आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. पण माझं उसवलेलं काज कोणी दाखवावं! मंडळी म्हणतात, नामदेवकाका, दुकानातलं काही सांगा. सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

आमच्या दुकानाला पाटी नाही. नवरदेवाचा कोट 'चांदचा' असला की सोयरे मांडवातच बाही चिमटीत धरून बघत. पोरं आता ब्रँड ब्रँड करतात. आमचा ब्रँड तेव्हापासून आहे.

*

टेप दिसला की माणूस छाती फुगवतो. कोट शिवून झाला की पोट सुटतं आणि दोष शिंप्याला. म्हणून उस्ताद टेप गळ्यातच ठेवून म्हणत, "आधी हापशापर्यंत चालून या." हापसा दुकानासमोर शंभर पावलांवर. गिऱ्हाईक जाऊन येई. कुठला खांदा पडतो, कुठं वाकतो, ते उस्ताद बघत. मग माप.

एकदा एक पुढारी आला. गाडीतून उतरेना. म्हणाला, "मी चालत नसतो. माप इथंच घ्या."

उस्ताद म्हणाले, "मंग कोट गाडीला शिवतो!"

पुढारी उतरला. हापशाला हात लावून आला.

*

मग शहरात शोरूम झाली. भाड्याची शेरवानी मिळायला लागली. आमच्याकडचे नवरदेव कमी झाले. जे येत, ते मोबाईल घेऊन येत.

एकानं फोटो पुढं केला. "उस्ताद, बराबर अशीच पायजे. असंच फिटिंग."

उस्तादांनी चष्मा लावून फोटो बघितला. "याला घेऊन ये. याचं माप घेतो!"

पोरगं गेलं ते गेलंच. त्या दिवशी आम्ही हसलो. लग्नसराई संपली तेव्हा हसू आलं नाही.

*

पुढं उस्तादांचा हात थरथरायला लागला. एका कोटाची बाही आखूड कापली गेली. उस्तादांनी गिऱ्हाइकाची माफी मागितली, नवं कापड आणून कोट पुरा केला आणि कात्री टेबलावर ठेवली. लेक सलीम ट्रकवर. दुकान बंद होणार, हे मी धरून चाललो.

तेव्हा आतल्या खोलीतून सून बाहेर आली. नसरीन. साखरा गावची लेक. वीस वर्षं आत बसून कच्चे टाके घालत होती. म्हणाली, "अब्बा, मी बेतते."

उस्तादांनी कात्री तिच्याकडं सरकवली. मग म्हणाले, "बेत. पण मास्तर म्हणून घेऊ नको. ज्या दिवशी माझा कोट बेतशील आन मला त्यात खोट सापडणार न्हाई, त्या दिवशी या दुकानाची मास्तर तू."

उस्तादांना खोट सापडली नाही असा कोट मी पाहिलेला नव्हता. त्यांचा स्वतःचासुद्धा!

*

शिरड शहापूरचे एक जुने गिऱ्हाईक आले. बघतात तर टेबलाशी नसरीन. "आता बाई माप घेणार व्हय?"

ती म्हणाली, "न्हाई. माप नामदेवकाका घेतील. चूक मी धरीन!"

त्यांना हापशापर्यंत धाडलं. मी टेप लावायच्या आधीच ती बोलली, "छाती चाळीस. उजवा खांदा एक बोट खाली." मी टेप लावला. चाळीस. खांदा, एक बोट. मी टेप पुन्हा लावला. चाळीसच.

*

सगळ्यांत मोठं नवल मोटारसायकलीचं. तरणी पोरं यायला लागली, त्यांना आखूड जॅकेट पाहिजे. मी म्हणालो, "चल, हापशापर्यंत."

नसरीन म्हणाली, "काका, हे चालतंय कुठं? ह्याला गाडीवर बसवा."

बसवलं. मी दुकानासमोर, भर बाजारात, मोटारसायकलीवर बसलेल्या पोराच्या पाठीचं माप घेतलं. लोक जमले. मला शरम वाटली. पण ते जॅकेट पाठीवर चढत नाही, बगलेत ओढत नाही. पुढच्या आठवड्यात हापशापर्यंत गाड्यांची रांग!

*

एक वाद माझाही झाला. नवरदेवाच्या कापडातूनच नवरीसाठी बिनबाह्यांचं जाकीट, असं तिनं काढलं. मी सांगितलं, बायकांच्या कपड्याला मी काज करणार नाही. तिनं स्वतः काज केलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं.

मी म्हणालो, "वाकडं हाय."

"म्हणून तर तुमच्याकडं आणलं."

मी ते उसवलं आणि पुन्हा केलं. तेव्हापासून नवरीची काजंही मीच करतो.

*

आता शेवटचं. नसरीनच्या लेकीचं लग्न ठरलं. नातीच्या लग्नात उस्ताद भाड्याची शेरवानी घालणार नव्हतेच. एका सकाळी आपल्या खुर्चीतून उठले आणि टेबलासमोर येऊन उभे राहिले. "घे माप."

छाती फुगवलेली. मान ताठ. माझा टेप हातात. नसरीननं मला थांबवलं.

"अब्बा, हापशापर्यंत."

दुकानात मशीन थांबल्या. उस्तादांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काठी पुढं केली. घेतली नाही. निघाले. डावा पाय ओढत होता. डावा खांदा पार उतरलेला. हापशाला धरून थोडे थांबले आणि परत आले.

नसरीन कागदावर लिहीत बोलली, "डावी बाजू दोन बोटं आखूड."

"काहून?"

"चालताना खाली लोंबंल, अब्बा."



आठ दिवसांनी ट्रायल. शेरवानी चढवली. आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं. बाही चिमटीत धरली. मग कोणी न सांगता बाहेर पडले आणि हापशापर्यंत चालत गेले. आम्ही दारात. पाय ओढत होता. शेरवानीचा घेर दोन्हीकडं सारखा.

परत आले. पण आपल्या खुर्चीकडं वळले नाहीत. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

तेवढ्यात एक बाप आपल्या पोराला घेऊन आला. "उस्ताद, पोराच्या कोटाचं माप घ्या की."

उस्ताद शेरवानीची बटणं काढत होते. वर न बघता म्हणाले,

"मला काहून सांगता? मी बी गिऱ्हाईकच हाय. मास्तर आत हाय!"