हॅनाच्या दगडावरचं कुंकू

नेवाशाच्या स्टँडवरनं निघालो तेव्हा मेव्हण्याच्या, बापूच्या, बायकोनं माझ्या कुसुमची ओटी भरली. एसटीच्या पायरीशी, लोक ढकलत असताना. "ताई, वर्षाकाठी येत जा," बापू म्हणाला. ही हो हो म्हणाली. मी बॅगा धरून उभा. सातवी शिकलेला माणूस, आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलेलं. पोरानं कॅनडात बोलावलं म्हणून निघालो. रडलोबिडलो नाही.

व्हिटबीत वर पोरगा, सून, नात आणि खाली बेसमेंटात आम्ही दोघं. वर्षाकाठी जाणं काही झालं नाही. तिकिटं महाग, मग गुडघे, मग तिचं हार्ट. या विंटरमध्ये कुसुम गेली. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी मोजे घालत होतो. एक घातला होता. दुसरा कधी घातला, आठवत नाही.

अस्थी घरात ठेवायच्या नसतात, म्हणून पोरानं कलश गॅरेजमध्ये फळीवर ठेवला. तिथंच सगळं अडकलं. बापू फोनवर म्हणे, "दाजी, ताईला प्रवरासंगमला आणा. माहेरच्या पाण्यात जाऊ द्या." पोरगा म्हणे, "बाबा, इथं लेकमध्ये सोडू." ठरवायचं मी. कुसुम काही सांगून गेली नव्हती. मला इकडंही काही वाटत नव्हतं आणि तिकडंही नाही.

स्नो गेला तसा चालायला लागलो. ग्रोसरीच्या प्लाझामागं ख्रिस्ती लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. तिथं बाकावर बसायचो. समोर एक पातळ पांढरा दगड. अक्षरं लावत लावत वाचला. हॅना, अमक्याची बायको, जन्म व्हरमाँट. नातीला विचारलं, कुठं आलं हे? "अमेरिकेत, आजोबा. इट्स फार."

म्हणजे हिचंही माहेर लांब. अमक्याची बायको लिहिलंय, म्हणजे नवरा मागं ठेवून सवाष्ण गेली, असं मी धरलं. कुसुमही तशीच गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या करंड्यातलं हळदकुंकू खिशात घेऊन गेलो आणि दगडाला लावलं.

पुढच्या वेळी गेलो तर एक गोरी म्हातारी बादली घेऊन उभी. "धिस यू?"

"रिस्पेक्ट," मी म्हणालो. "हजबंड अलाइव्ह, वाइफ डाय, वी पुट."

ती हसायलाच लागली. हॅनाचा नवरा म्हणे आधीच झाड अंगावर पडून मेलेला. हॅना त्यानंतर पार म्हातारी होऊन गेली. मी पुसायला रुमाल काढला. "लीव्ह इट," म्हणाली. "तिला कुणी काही आणत नाही."

ही डोरोथी. हॅना तिच्या आजीची आजी. मग भेटेल तसं ती सांगत गेली. माझ्या डोक्यावरनं गेलेलं मी नातीकडनं समजून घ्यायचो. हॅना शेतकऱ्याची पोर. लग्न झालं आणि नवऱ्यानं बर्फावरच्या बैलगाडीतनं इकडं आणली, चाकांच्या जागी फळ्या लावलेली गाडी. जंगल तोडून शेत केलं. नवरा गेल्यावर भाऊ न्यायला आला. लेकरं घेऊन माहेरी गेली. तिथं खायला-प्यायला सगळं होतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात लेकरांसकट परत आली.

"का?"

"काउ," डोरोथी म्हणाली. शेजाऱ्याकडं ठेवलेली गाय. घरात पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच सांगतात.

"भावाकडं गाया नव्हत्या?"

"खूप होत्या. पण त्या भावाच्या."

घरी येऊन बसलो. कुसुम कशासाठी परत आली असती? फार विचार करावा लागला नाही. शाळेची पिवळी बस यायच्या आधीच ही कोट चढवून कोपऱ्यावर. नात इंग्रजीत सुटायची, ही मराठीत रागवायची, दोघींचं बरोबर चालायचं. मी म्हणायचो, अगं, पायाकडं बघ जरा. "ती वाट बघते माझी." नात कसली वाट बघते, बस पुढं आमच्या दारातही थांबते.

बापूला फोन लावला. "तिला इथंच सोडतो."

 बापू म्हणाला, "एकदा तरी आणायची होती, दाजी."

"आणली असती. पण ती परत आली असती, बापू."

तो रडला. मला रडू आलं नाही.

शनिवारी लेकवर गेलो. पाणी हाताला चावत होतं. पोरानं कलश धरला, मी अस्थी सोडल्या. नात म्हणाली, "बाय, आजी." मग गाडीत बसलो. सुनेनं हीटर लावला.

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, घरी कधी येताय? आधी मी म्हणायचो, बघू. आता म्हणतो, घरीच आहे.